थ्री नॉट थ्री आणि काडतुसाची कडा

"थ्री नॉट थ्री" हे शब्द कधीच ऐकले नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण. बंदूक आयुष्यात हातात धरलेली नसली, तरी पोलीस ठाण्याच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावर, निवडणुकीच्या बंदोबस्तात, आणि काहीच नाही तर हिंदी सिनेमात आपण सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. पण या नावाचा अर्थ काय, असं विचारलं की दहातले नऊजण एकमेकांकडे बघू लागतात! अर्थ अगदी साधा आहे. नळीच्या पोकळीचा व्यास म्हणजे एका इंचाचे तीनशेतीन सहस्रांश, पॉइंट थ्री झीरो थ्री. फौजी बोलीत शून्याला 'नॉट' म्हणायचं. आपल्या दशमान पद्धतीत ७.७ मिलिमीटर.

निवृत्त मास्तरला हे मध्येच काय सुचलं, असं वाटेल. निमित्त आमच्या पुतण्याचं. धाकट्या भावाचा हा मुलगा बरीच वर्षं टेक्सासात आहे. त्याला जुन्या वस्तूंची हौस. तिकडे लष्करानं काढून टाकलेल्या रायफली रीतसर दुकानात विकायला असतात. त्यानं अशीच एक घेतली, आणि घरी आणून बघतो तर काय, पोलादावर मुकुट, त्याखाली 'जी.आर.आय.', 'इशापूर' आणि '१९४२' अशी अक्षरं! जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, राजा आणि सम्राट सहावा जॉर्ज. इशापूर म्हणजे बंगालमधली आपली रायफल फॅक्टरी. बंगालमध्ये घडलेली ही बंदूक ऐंशी वर्षांनी टेक्सासात एका मराठी घरात आली होती. आणि आल्या आल्या रुसली होती.

"अण्णाकाका, तुम्ही एन.सी.सी.त होतात ना?" त्यानं फोनवर विचारलं. "पहिल्या दोन गोळ्या नीट जातात. तिसरी अडते. बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबतो. दुकानदार म्हणतो, जुनी आहे, असंच चालायचं."

'असंच चालायचं' हे उत्तर मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी पटलं नाही. म्हटलं, थांब, जरा मुळापासून बघू.

तुमच्यापैकी कुणी एन.सी.सी.त असाल तर तुम्हाला आठवेल, फौजेतून आलेल्या शिक्षकाला 'उस्ताद' म्हणायचं. १९६९ साली कॉलेजात आम्हाला जे उस्ताद होते ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतले हवालदार, सातारा बाजूचे. घरचं बोलणं अस्सल मराठी, पण शिकवताना फौजी हिंदी. परेडला आमच्या हातात डी.पी. रायफल असायची, म्हणजे 'ड्रिल पर्पज', गोळीबारातून बाद झालेली, नुसती कवायतीची. कॅम्पला मात्र खरी रायफल आणि मोजून पाच गोळ्या. त्यांचा एक धडा असायचा, 'रोकें और फौरी इलाज'. रोक म्हणजे चालता चालता हत्यार अडणं, आणि फौरी इलाज म्हणजे त्यावर तिथल्या तिथे करायचा उपाय. मॅगझिन भरताना ते काडतुसाच्या बुडाची कडा अंगठ्यानं दाखवून म्हणायचे, "नीचेवाले का कॉलर पीछे, ऊपरवाले का कॉलर आगे. उलटा किया, तो गोली नहीं, गाली निकलेगी!"

आम्ही हसायचो. पण त्या एका वाक्यात या रायफलीचा सगळा इतिहास आहे.

जेम्स पॅरिस ली हा १८३१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी कॅनडात गेलेला कारागीर. घरचा धंदा घड्याळांचा. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १८७९ साली त्यानं एका साध्या पेटीचं पेटंट घेतलं. पत्र्याची उभी पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पाटी, पाटीवर काडतुसं एकावर एक. बोल्ट मागे ओढला की वरचं काडतूस स्प्रिंगच्या जोरानं वर येतं, बोल्ट पुढे ढकलला की ते नळीच्या तोंडात सरकतं. हेच मॅगझिन. तोपर्यंत शिपाई मार्टिनी-हेन्रीसारखी रायफल वापरत. एक गोळी घालायची, झाडायची, पुंगळी काढायची, पुन्हा दुसरी घालायची.

१८८८ साली ब्रिटिशांनी लीची पेटी आणि बोल्ट स्वीकारून ली-मेटफर्ड रायफल काढली. सुरुवातीला तिच्या मॅगझिनात आठ काडतुसं बसत, मग दहा. मेटफर्ड हे नळीच्या आतल्या उथळ आट्यांची रचना करणाऱ्याचं नाव. पुढे कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली, तिच्या उष्णतेनं त्या उथळ आट्या झिजू लागल्या. म्हणून १८९५ साली लंडनजवळच्या एनफील्डच्या कारखान्यात ठरलेल्या खोल आट्या घातल्या, आणि नाव झालं ली-एनफील्ड. गंमत म्हणजे १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून आपल्याकडे वणवा पेटला, ती रायफलही एनफील्डचीच होती. हा 'काडतूस' शब्दसुद्धा आपला नव्हे बरं का, पोर्तुगीज 'कार्तुशो'चं ते मराठी रूप. आपण तो इतका आपलासा केला की आता परका वाटत नाही.

आता त्या कडेची गोष्ट. तिला इंग्रजीत रिम म्हणतात, आपणही रिमच म्हणू.

काडतुसाच्या बुडाला, ताटाच्या काठासारखी बाहेर आलेली कडा म्हणजे रिम. एकेक गोळी घालायच्या बंदुकीला ही रिम फार सोयीची. काडतूस नळीत किती खोल जायचं ते रिमच ठरवते, त्यामुळे आतली मापं थोडी सैल असली तरी भागतं. आणि पुंगळी बाहेर ओढायला तीच कडा आयती पकडायला मिळते. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाला रिम होती, .३०३च्या काडतुसालाही ती ठेवली. अडचण पुढे आली. एकेकट्या गोळीला सोयीची असलेली कडा, दहा गोळ्या एकावर एक रचल्या की अडचणीची होते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे अडकली, आणि बोल्टनं वरच्याला पुढे ढकललं, की ते खालच्यालाही ओढू बघतं. दोघं मिळून अडतात. गर्दीच्या एस.टी.च्या दारात दोन माणसं एकदम शिरू बघतात आणि कुणीच आत जात नाही, तसं!

जर्मनांनी याच १८८८ साली रिम काढून टाकली. बुडाशी नुसती खाच ठेवली, कडा अंगाबरोबर. रशियनांनी १८९१च्या मोसिन रायफलीत रिम ठेवली, पण मॅगझिनात पोलादाचं एक बोट बसवलं. ते बोट दुसऱ्या काडतुसाला दाबून धरतं, पहिलं गेल्यावरच सोडतं. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी मॉनिटर उभा करायचे, तसला प्रकार. ब्रिटिशांनी मॅगझिनाच्या आकारात आणि वरच्या ओठांच्या वळणात बरीच खबरदारी घेतली, आणि उरलेलं शिपायाच्या अंगठ्यावर सोपवलं. निरोगी मॅगझिनात सहसा निभावतं. पण स्प्रिंग दमली, ओठ वाकले, आत माती गेली, की रिमचं जुनं भांडण पुन्हा डोकं वर काढतं.

मला यातली खरी नवलाची गोष्ट वेगळीच वाटते. सुरुवातीच्या या रायफलींना मॅगझिनच्या तोंडावर एक सरकती पट्टी होती, तिला कट-ऑफ म्हणत. ती आत सारली की मॅगझिन बंद. शिपायानं गोळ्या एकेक करून हातानं घालायच्या, मॅगझिनातल्या दहा राखीव. का? तर हातात दहा गोळ्या दिल्या तर हा उधळून टाकील, अशी वरच्यांना भीती! म्हणजे यंत्र द्यायचं आणि विश्वास द्यायचा नाही. ती पट्टी १९१६च्या नव्या नमुन्यातून काढून टाकली, तोवर महायुद्धाची दोन वर्षं उलटायला आली होती.

दरम्यान दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानं (१८९९ ते १९०२) डोळे उघडले. बोअर शेतकऱ्यांच्या हातात जर्मन माउझर होत्या, आणि ते पाच-पाच गोळ्यांची पट्टी एका दाबात भरत. इंग्रज शिपाई एकेक गोळी वेचून भरत होता. मग ब्रिटिशांनीही पत्र्याचा पाच गोळ्यांचा 'चार्जर' आणला आणि रायफलीला तो बसवायला खाच दिली. १९०३ची आखूड ली-एनफील्ड आणि १९०७चा तिचा सुधारलेला मार्क तीन, हीच ती आपल्या ओळखीची थ्री नॉट थ्री. कापडी पट्ट्यात असे दहा चार्जर, म्हणजे पन्नास गोळ्या, शिपाई छातीवर आडव्या बांधायचा. चार्जरमध्ये काडतुसं रचायचीसुद्धा रीत होती, रिम एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. म्हणजे चार्जर कुठल्याही बाजूनं लावला तरी चालावं.

सराव झालेला शिपाई या रायफलीतून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडू शके, तशी परीक्षाच असे. बोल्ट इतका सुळकन चालायचा की त्या काळच्या हातानं चालवायच्या रायफलींत तिच्या वेगाला तोड नव्हती. रिमच्या भांडणाकडे बघून कुणी ही रायफल वाईट म्हणू नये. ती उत्तम होती. फक्त तिच्यातला एक दोष तिनं वापरणाऱ्याच्या हातावर टाकला होता.

आणि ते हात कुणाचे होते?

१९१४च्या सप्टेंबरअखेर लाहोर डिव्हिजन फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरली. आपल्या शिपायांच्या जुन्या रायफली तिथे जमा करून नव्या नमुन्याच्या, नव्या काडतुसाच्या रायफली त्यांच्या हातात ठेवल्या. ऑक्टोबरात ते खंदकांत होते. नवं हत्यार अंगवळणी पडायला जेमतेम काही आठवडे. इकडे सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. नदीकाठचा चिखल आणि वाळवंटाची धूळ, दोन्ही मॅगझिनचे शत्रू. रायफलीच्या बोल्टवर शिपाई कॅनव्हासची टोपडी बांधत, ती याच्याचसाठी. ही डिव्हिजन कूट-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला (मिलिटरी अपशिंगे) जो स्मारकाचा दगड आहे, त्यावर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावातल्या ४६ जणांची नोंद आहे. एका गावातले ४६! त्या घरांतल्या पोरांच्या अंगठ्यांना 'नीचेवाले का कॉलर पीछे' हे बाराखडीसारखं पाठ असणार.

हत्यार अडण्याची किंमत काय असते, हे कॅनडाच्या सैन्यानं १९१५च्या एप्रिलात ईप्रच्या लढाईत पाहिलं. त्यांच्याकडे स्वदेशी रॉस रायफल होती. नेमबाजीच्या मैदानावर अतिशय अचूक, पण चिखलात आणि भराभर गोळीबारात बोल्ट असा आवळून बसे की शिपाई बुटानं लाथा घालून तो उघडत. मेलेल्या इंग्रज सोबत्यांच्या ली-एनफील्ड उचलून त्यांनी रॉस टाकून दिल्या. १९१६पर्यंत कॅनडानं आघाडीवरच्या पलटणींच्या हातातून ती काढून घेतली. रोक ही शिपायाची बेफिकिरी आहे असं म्हणणाऱ्यांना हा चांगला धडा होता.

मग ब्रिटिशांनी रिम काढून का टाकली नाही? काढणार होते! १९१३ साली बिनरिमच्या .२७६ काडतुसाची नवी रायफल तयार करून तिच्या चाचण्याही सुरू केल्या होत्या. १९१४ला युद्ध पेटलं. लाखो रायफली आणि कोट्यवधी काडतुसं जुन्या मापाची, भर लढाईत माप कोण बदलणार? नव्या रायफलीलाच जुन्या .३०३ साठी बदलून घेतलं. त्यानंतर मशीनगनसुद्धा त्याच मापाच्या. ब्रेन गनचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं, बर्नो आणि एनफील्ड मिळून ब्रेन. मूळ गन बिनरिमच्या काडतुसाची, तिचं मॅगझिन सरळ. ब्रिटिशांनी ती .३०३ साठी घेतली आणि रिममुळे मॅगझिन केळ्यासारखं वाकडं करावं लागलं. त्यात ३० गोळ्या मावत, पण जाणते गनर २८च भरत, स्प्रिंगला दम राहावा म्हणून. या दोन गोळ्या कमी भरण्याचं शहाणपण अनुभवातून आलेलं.

मॅगझिन हा शब्द आला की मला नाईक यशवंत घाडगे आठवतात. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, वय बावीस. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकला, मग टॉमीगननं गोळ्या घातल्या. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. ती चौकी घेतल्यावर शत्रूच्या गोळीनं ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या गनला काही झालं नव्हतं, नुसतं मॅगझिन संपलं होतं. पण मॅगझिन बदलायचे ते चार सेकंद माणसाला मिळतात की नाही यावर काय काय अवलंबून असतं, ते यातून कळतं.

असो. पुतण्याच्या रायफलीकडे वळतो, तो वाट बघत असेल.

त्याला पहिली गोष्ट सांगितली, रायफलीवर कुठे 'डी.पी.' असं कोरलंय का बघ. कवायतीच्या बाद रायफलीही कधीकधी अशा विक्रीत जातात, आणि त्या झाडणं जिवावरचा खेळ. नव्हतं. मग सांगितलं, तिथल्या एखाद्या जाणकार कारागिराकडून चेंबर आणि बोल्ट मापून घे, आणि तोवर खरी गोळी हातात धरू नकोस. ड्रिलची, म्हणजे बिनदारूची काडतुसं मिळतात, सगळी तपासणी त्यांच्यावर.

मग एकेक करून उस्तादांचा पाढा म्हटला.

काडतुसं एकेक भरतोस तेव्हा वरच्याची रिम खालच्याच्या पुढे ठेव. हे त्यानं केलं, फरक पडला, पण पुरता नाही.

बोल्ट मागे ओढताना शेवटपर्यंत ओढ. नवखा माणूस नाजूकपणे अर्धाच ओढतो, मग बोल्ट काडतुसाच्या बुडामागे जातच नाही. आणि एकदा पुढे ढकलायला घेतला की पुरता बंद कर. या रायफलीचा पंजा काडतुसाला शेवटी, बोल्ट बंद होताना पकडतो. अर्ध्यावरून मागे घेतलास तर आधीचं काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि दुसरं त्याच्या पाठीवर आदळतं.

मॅगझिन काढून आतली पाटी आणि स्प्रिंग बाहेर घे. जुन्या रायफली साठवताना घट्ट ग्रीस फासतात, वर्षानुवर्षांनी ते गुळाच्या पाकासारखं होतं. पाटी त्यात चिकटून हळू वर येते, बोल्ट मात्र भरकन पुढे जातो. पुतण्यानं काढलं तर खरंच तळाशी काळा चिकट थर! रॉकेलसारख्या द्रावणानं धुऊन, पुसून, तेलाचा नुसता हात फिरवला.

काडतूस कुठलं, हेही बघ. ही पेटी १९१०च्या मार्क सात काडतुसाच्या मापानं घडलेली, टोकदार आणि लांब. शिकारीची आखूड, बोथट नाकाची काडतुसं तिच्यात नाक खाली घालतात.

शेवटी मॅगझिनचे ओठ. त्याला फोटो पाठवायला सांगितले. फोटोत मला काही नीट समजेना, पण तिथल्या कारागिरानं एका नजरेत ओळखलं. मॅगझिन त्या रायफलीचं नव्हतंच! दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर चार रायफलीचं ते होतं, आणि ही नंबर एक. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, मॅगझिन बसल्यासारखंही वाटतं, पण बारीक फरकानं काडतूस चुकीच्या कोनात वर येतं. मूळ मॅगझिन एकाच रायफलीशी जुळवलेलं असे. शिपाई ते भरायला काढत नसे, गोळ्या वरून चार्जरनं भरत, मॅगझिन उतरायचं ते सफाईपुरतं. साठे मोडीत निघताना कुठल्या गोदामात कुणीतरी ढिगातलं एक उचलून हिला लावलं असणार. नंबर एकचं योग्य मॅगझिन बसवलं, आणि दहाच्या दहा ड्रिल काडतुसं सरसर गेली. ओठ पक्कडीनं वाकवण्याचा मोह त्यानं आवरला होता, हे फार बरं झालं. वाकवलेला ओठ पुन्हा सरळ होतो, पण पहिल्यासारखा होत नाही.

हा खटाटोप त्याला तिथे शक्य झाला. आपल्याकडे .३०३ हे खासगी माणसाला बंदी असलेलं माप आहे. म्हणून इशापूरनं याच धाटणीची .३१५ची शिकारी रायफल काढली, ती परवान्यावर मिळते. दोन्ही काडतुसांना रिम आहेच.

.३०३ काडतुसांचा पुण्याशीही जुना संबंध. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ची. तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं असत, किरकी फॅक्टरीची. परदेशातल्या हौशी लोकांना ती आजही जुन्या काडतुसांवर सापडतात. स्वातंत्र्यानंतरही इशापूर याच रायफली करत राहिलं. १९६२ला चिनी सैन्यासमोर आपले जवान बर्फात याच हातानं चालवायच्या रायफली घेऊन उभे राहिले, समोर आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर इशापूरनं जुन्याच ढंगाची पण ७.६२ मिलिमीटर, बिनरिमच्या काडतुसाची रायफल काढली. तिचं मॅगझिन चौकोनी झालं, कारण आता रिमची तिरपी उतरंड नव्हती. पंचाहत्तर वर्षांचं भांडण असं मिटलं! आपल्या भुसावळजवळच्या वरणगावचा कारखाना १९६४चा, तो याच नव्या मापाची काडतुसं करू लागला. खडकी आणि वरणगाव २०२१पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

फौजेनं रिमचा निरोप घेतला, पोलिसांनी मात्र नाही. फौजेला जुनी झालेली थ्री नॉट थ्री पोलिसांना चालेल असं ठरलं, आणि तेही असंच चालत राहिलं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत सी.एस.टी. स्थानकावर (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) पोलिसांच्या हातांत लाठ्या आणि थ्री नॉट थ्री होत्या, समोर ए.के. रायफली. त्या रात्री पोलीस कमी पडले असं म्हणणारे पुष्कळ भेटले. राम प्रधान समितीनंही पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी केली. पण ज्याच्या हातात एकेका गोळीसाठी बोल्ट ओढायचं हत्यार आहे, आणि वर्षात सरावाला गोळ्याही मोजून, त्याला धैर्याचे गुण देताना आधी प्रश्नपत्रिका कुणी काढली होती ते बघायला नको का? मी इतकी वर्षं पेपर तपासले. मुलगा नापास झाला तर एकदा तरी मनात येतं, प्रश्न बरोबर होता ना? वर्गात उजेड होता ना? मागच्या बाकावरून फळा दिसत होता ना?

१८८८ साली टेबलावर घेतलेला एक निर्णय, आणि त्याची दुरुस्ती पुढे तीन पिढ्या शिपायांच्या अंगठ्यांनी केली. उस्तादांनी आम्हाला शिकवलं ते खरंच होतं, फौरी इलाज प्रत्येकाला यायलाच हवा. पण फौरी इलाजावर शंभर वर्षं काढायची नसतात. तो अडचणीतून निभावून नेण्यापुरता असतो, नंतर मुळातली दुरुस्ती करायची असते. आपल्याकडे ही दुसरी पायरी राहूनच जाते, शाळांत काय, दवाखान्यांत काय आणि पोलीस ठाण्यांत काय. पहिली पायरी चांगली जमणाऱ्याला आपण शाबासकी देतो आणि दुसरी पायरी त्याच शाबासकीखाली झाकून टाकतो.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभानं निरोप दिला, पंचाहत्तर वर्षांच्या सेवेनंतर. त्या रायफलीबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट मायाच आहे. खांद्याला बसलेला तिचा तो पहिला धक्का मला अजून आठवतो. ती सेवा संपवून गेली ते योग्यच झालं, जरा उशिरा झालं इतकंच.

आपल्या घरात कुणाचे आजोबा, पणजोबा पलटणीत असतील, तर त्यांच्या पेटीत बघा. पेन्शनचं पुस्तक असेल, पदक असेल, एखादा गंजलेला पत्र्याचा चार्जरही असेल. त्यावर पाच काडतुसांच्या रिम बसायच्या खुणा दिसतील. मुलांना तो दाखवा, आणि कॉलर कुठला पुढे आणि कुठला मागे, तेही सांगा.